बार ओढला तर किती ताणतो? स्ट्रेस आणि इलाँगेशनचं गणित, केटी काढलेल्या माणसाकडून

डिप्लोमाला मेकॅनिकल घेतलं तेव्हा एसओएमचं (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स) पहिलं युनिट बघून मी हसलो होतो. लोड भागिले एरिया, संपला विषय, यात शिकायचं काय? आणि त्याच युनिटच्या गणितावर मला केटी बसली, म्हणजे विषय राहिला. फॉर्म्युला तोंडपाठ होता, कॅल्क्युलेटर नवा कोरा होता, तरी उत्तर चुकलं, कारण मी फॉर्म्युल्यात घातलेला लोडच चुकीचा होता. पुढे कंपनीत मेंटेनन्सला लागल्यावर आणि गावाकडच्या तीन-चार पोरांना सुट्टीत शिकवताना बघितलं तर सगळे तिथेच अडकतात. फॉर्म्युला कुणाचाच चुकत नाही, फॉर्म्युल्याच्या आधीचं काम चुकतं. म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

स्ट्रेस म्हणजे लोड भागिले एरिया, स्ट्रेन म्हणजे लांबीतली वाढ भागिले मूळ लांबी. पुस्तकात स्ट्रेसला प्रतिबल आणि स्ट्रेनला विकृती म्हणतात. मी स्ट्रेस-स्ट्रेनच म्हणणार, वर्गातही तेच बोलतात आणि वर्कशॉपमध्येही.

काय काय जवळ लागेल

साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर, पट्टी, पेन्सिल आणि खोडरबर. पेन्सिल मुद्दाम सांगतोय कारण आकृती किमान दोनदा पुसावी लागते. खरा पार्ट मोजायचा असेल तर व्हर्नियर, आणि बारीक तार असेल तर मायक्रोमीटर. मटेरियलचे ई चे (यंग्स मॉड्युलस, स्ट्रेस भागिले स्ट्रेन, म्हणजे मटेरियल किती ताठ ते) आकडे पहिल्या पानावर लिहून ठेवा, सगळे मेगापास्कलमध्ये: स्टील २,००,०००, अ‍ॅल्युमिनियम ७०,०००, तांबं १,१०,००० ते १,२०,०००. गणितात ई दिलेला असेल तर तोच घ्यायचा, आपला शहाणपणा चालवायचा नाही. साध्या माइल्ड स्टीलचा यील्ड (ज्या स्ट्रेसच्या पुढे लोड काढला तरी बार मूळ लांबीवर येत नाही तो) २५० मेगापास्कल, हा आकडाही तिथेच लिहा, नंतर लागतो.

१. आधी युनिट एका लाइनीत आणा

न्यूटन आणि मिलिमीटर. बास. या दोनांशिवाय तिसरं काही वहीत दिसलं नाही पाहिजे. किलोन्यूटन असेल तर हजारने गुणा, मीटर असेल तर हजारने गुणा, आणि लोड किलोत दिला असेल तर ९.८१ ने गुणून न्यूटन करा. न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर म्हणजेच मेगापास्कल, त्यामुळे स्ट्रेस आपोआप मेगापास्कलमध्ये येतो आणि गिगापास्कलमधला ई हजारने गुणला की तोही त्याच लाइनीत येतो.

ई चा हा हजार विसरला तर काय होतं ते पुढच्या पायरीतल्या गणितावर सांगतो.

२. एक सरळ बार, एक लोड

एक २० मिमी व्यासाचा, दीड मीटर लांब माइल्ड स्टीलचा रॉड वर घट्ट बसवलाय, खाली ४० किलोन्यूटनचा लोड लटकतोय. ४० किलोन्यूटन म्हणजे चार टनाच्या थोडं वर, असं आधी मनात आणा, म्हणजे आपण कशाबद्दल बोलतोय ते कळतं.

एरिया = पाय (३.१४१६) भागिले ४ गुणिले व्यासाचा वर्ग = ०.७८५४ × ४०० = ३१४.१६ चौरस मिमी.

स्ट्रेस = ४०,००० ÷ ३१४.१६ = १२७.३ मेगापास्कल.

स्ट्रेन = १२७.३ ÷ २,००,००० = ०.०००६३७. याला युनिट नसतं, उगाच मिमी लिहू नका.

लांबीतली वाढ = स्ट्रेन × मूळ लांबी = ०.०००६३७ × १५०० = ०.९५५ मिमी.

हेच एका दमात करायचं तर (लोड गुणिले लांबी) भागिले (एरिया गुणिले ई). वर्गात सगळे याला पीएल बाय एई म्हणतात. पण सुरुवातीला तरी टप्प्याटप्प्याने करा. मधला स्ट्रेसचा आकडा डोळ्यासमोर दिसला पाहिजे, कारण तपासायचं असतं ते त्याच आकड्यावर.

आता खड्डे. पहिला, ई २०० गिगापास्कल दिलाय आणि तुम्ही नुसता २०० टाकलात तर वाढ येते ९५५ मिमी. म्हणजे दीड मीटरचा रॉड ओढून जवळजवळ अडीच मीटर झाला. हे उत्तर मी पेपरात दोनदा अंडरलाइन केलेलं बघितलंय, शपथेवर सांगतो. दुसरा, व्यासाच्या जागी त्रिज्या समजून पाय आर स्क्वेअरमध्ये सरळ २० टाकणं. एरिया चौपट होतो, स्ट्रेस ३१.८ येतो आणि सगळं एकदम सेफ दिसतं. हा खड्डा जास्त वाईट. पहिल्यात उत्तर हास्यास्पद येतं म्हणून निदान शंका तरी येते, इथे उत्तर शहाण्यासारखं दिसतं.

पाइप असेल तर बाहेरच्या व्यासाच्या वर्गातून आतल्या व्यासाचा वर्ग वजा करायचा आणि मग पाय बाय ४. व्यासांची वजाबाकी करून मग वर्ग नाही हो, आधी वर्ग मग वजाबाकी.

३. एक मेंटल चेक, हा पाठच करा

स्टीलवर २०० मेगापास्कल स्ट्रेस असेल तर दर मीटरला १ मिमी वाढ. एवढंच. १०० मेगापास्कल असेल तर मीटरला अर्धा मिमी. वरच्या रॉडला १२७ आहे, म्हणजे मीटरला ०.६४ च्या आसपास, दीड मीटरला ०.९५, जुळलं. अ‍ॅल्युमिनियमला हेच ७० मेगापास्कलला मीटरमागे १ मिमी.

माइल्ड स्टील २५० ला यील्ड होतं, म्हणजे इलास्टिकमध्ये असताना मीटरला सव्वा मिमीच्या पुढे ते जाऊच शकत नाही. तुमच्या वहीत एक मीटर माइल्ड स्टीलची वाढ ५ मिमी आली तर एकतर युनिट चुकलंय नाहीतर बार कधीच यील्ड झालाय आणि हा फॉर्म्युला लागूच होत नाही. फॉर्म्युला हुकच्या नियमावर उभा आहे, हा नियम रॉबर्ट हुकने १६७८ मध्ये उघड केला, त्याआधी १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यात लपवून छापला होता, दुसऱ्या कुणी ढापू नये म्हणून. त्याचं म्हणणं साधं, जेवढं ओढाल तेवढं ताणेल. पण ते यील्डपर्यंतच.

४. आता खरं काम: कुठल्या तुकड्यात किती फोर्स

ही पायरी दोनदा वाचा. माझी केटी इथली.

एक स्टेप्ड बार घ्या. डावीकडे ए पाशी भिंतीत फिक्स. ए-बी तुकडा ३० मिमी व्यास, ४०० मिमी लांब. बी-सी तुकडा २० मिमी व्यास, ३०० मिमी. सी-डी तुकडा २५ मिमी व्यास, ५०० मिमी. बी वर ७० किलोन्यूटन उजवीकडे, सी वर ५० किलोन्यूटन डावीकडे, डी वर, म्हणजे मोकळ्या टोकाला, ३० किलोन्यूटन उजवीकडे. मटेरियल स्टील.

मी काय केलं होतं? बी वर ७० लिहिलंय ना, मग ए-बी मध्ये ७०. सी वर ५० आणि बाण डावीकडे, मग बी-सी मध्ये ५० कॉम्प्रेशन, म्हणजे दाब. डी वर ३०, सी-डी मध्ये ३०. तीन तुकडे, तीन फोर्स, किती छान जुळतंय! उत्तर आलं ०.११२ मिमी आणि मी खुशीत चौकट मारली.

पण बाहेरून जो फोर्स लागतो तो एका पॉइंटला लागतो, आणि बारच्या आत जो फोर्स असतो तो तुकड्यात असतो. हे दोन वेगळे आकडे आहेत. आतला फोर्स शोधायचा म्हणजे बार तिथे मनातल्या मनात कापायचा आणि विचारायचं की कापलेल्या जागेच्या पलीकडे जे काही लटकतंय ते सगळं मिळून हा काप किती ओढतंय. दोरीवर पाच पोरं ओळीने लोंबकळली तर सगळ्यात वरच्या गाठीला पाचही पोरांचं वजन, सगळ्यात खालच्या गाठीला एकाच पोराचं. बस इतकंच आहे ते.

करायची पद्धत अशी. मोकळ्या टोकाकडून सुरू करा, म्हणजे भिंतीची रिअ‍ॅक्शन (भिंत बारला उलट जो फोर्स लावते तो) काढायची गरजच पडत नाही. मोकळं टोक उजवीकडे आहे, तर उजवीकडचा बाण प्लस धरा, तो कापापासून बाहेर ओढतो म्हणजे टेन्शन. डावीकडचा मायनस.

सी-डी मध्ये काप: उजव्या बाजूला फक्त ३०. आतला फोर्स +३०, टेन्शन.

बी-सी मध्ये काप: उजव्या बाजूला ३० आणि −५०. बेरीज −२०, कॉम्प्रेशन.

ए-बी मध्ये काप: उजव्या बाजूला ३०, −५०, +७०. बेरीज +५०, टेन्शन. भिंतीची रिअ‍ॅक्शन पण हीच, ५० डावीकडे, फुकटात मिळाली.

प्रत्येक कापाची छोटी आकृती काढा, बाण दाखवा, आतल्या फोर्सचा आकडा तुकड्यावर लिहा. आळस करू नका. तपासणारे सरसुद्धा आधी तीच आकृती बघतात, ती बरोबर असेल तर पुढे गुणाकार चुकला तरी अर्धे मार्क हातात राहतात.

आता पुढचं सगळं हमाली काम:

ए-बी: एरिया ७०६.८६, स्ट्रेस ७०.७ टेन्शन, वाढ ०.१४१ मिमी.

बी-सी: एरिया ३१४.१६, स्ट्रेस ६३.७ कॉम्प्रेशन, घट ०.०९५ मिमी.

सी-डी: एरिया ४९०.८७, स्ट्रेस ६१.१ टेन्शन, वाढ ०.१५३ मिमी.

एकूण = ०.१४१ − ०.०९५ + ०.१५३ = ०.१९९ मिमी, बार लांब झाला. माझं ०.११२ कुठे आणि हे कुठे.

खात्री करायची असेल तर दुसऱ्या रस्त्याने जा. एकेक फोर्स एकटाच आहे असं समजा. डी वरचा ३० एकटा असता तर तिन्ही तुकडे ताणले असते, ०.३८१ मिमी. सी वरचा ५० एकटा असता तर पहिले दोन तुकडे दाबले असते, −०.३८० मिमी. बी वरचा ७० फक्त ए-बी ला ओढतो, ०.१९८ मिमी. बेरीज ०.१९९. दोन वेगळ्या रस्त्यांनी एकच उत्तर आलं की पेन खाली ठेवा. परीक्षेत वेळ उरला तर मी हेच करायचो, केटीनंतर.

५. स्वतःच्या वजनाने ताणणारा बार

वर्टिकल लटकणाऱ्या लांब गोष्टींना स्वतःचं वजन धरावं लागतं. सगळ्यात वरच्या टोकाला पूर्ण वजन, खालच्या टोकाला शून्य, मध्ये सरळ रेषेत कमी होत जातं. म्हणून वाढ काढताना सरासरी म्हणजे अर्धं वजन धरायचं. त्या फॉर्म्युल्यातला २ तो हाच अर्धा. वाढ = स्वतःचं वजन × लांबी ÷ (२ × एरिया × ई).

मामांच्या बोअरचं उदाहरण घेतो. ४० एनबीचा जीआय पाइप, बाहेरून ४८.३ मिमी, जाडी ३.२ मिमी, म्हणजे आतून ४१.९. एरिया येतो ४५३ चौरस मिमी. १०० मीटर पाइप सोडलाय असं धरा. स्टीलचं वजन घनमीटरला ७८५० किलो, त्यावरून पाइपचं वजन साधारण ३५६ किलो, ३४९० न्यूटन. वरच्या क्लॅम्पपाशी या वजनाचा स्ट्रेस ७.७ मेगापास्कल. गंमत म्हणजे हा ७.७ पाइप जाड घेतला तरी ७.७ च राहतो, कारण एरिया वाढला तर वजनही त्याच पटीत वाढतं. फक्त लांबीवर अवलंबून. वाढ १.९ मिमी.

खाली मोटर ४० किलो धरू आणि पाइपात भरलेलं पाणी १३८ किलो, ते पण खालच्या व्हॉल्व्हवरच बसतं, म्हणजे दोन्ही मिळून साधारण १७५० न्यूटनचा लोड टोकाला. त्याचा स्ट्रेस ३.९, वाढ परत १.९ मिमी. टोकाचा लोड पूर्ण लांबीला सारखाच ओढतो म्हणून इथे अर्धं करायचं नाही! हा घोटाळा फार होतो, लोक दोन्हीला २ ने भागतात किंवा दोन्हीला नाही. (बोअरमधलं बाहेरचं पाणी थोडं उचलून धरतं, ते सोडून दिलंय, आपण जास्तीच्या बाजूला राहिलो.)

एकूण वाढ ३.८ मिमी, वरचा स्ट्रेस ११.६ मेगापास्कल. २५० पुढे हे काहीच नाही. तरी मामांची मोटर एकदा बोअरमध्ये पडली. वर काढलेला पाइप बघितला तर तुटला होता कपलिंगपाशी, आट्यांवर. आटे पाडताना मटेरियल कापलं जातं, उरलेलं गंजाने खाल्लं, आणि मोटर सुरू होताना दर वेळी पिळाचा झटका बसतो तो वेगळाच. पूर्ण पाइपचा एरिया घेऊन काढलेला ११.६ त्या जागेबद्दल काही सांगतच नव्हता.

६. एरिया नेमका कुठला

वरच्यावरूनच पुढे. स्ट्रेस काढायचा तो सगळ्यात बारीक जागेचा. एम १६ च्या बोल्टच्या गुळगुळीत भागाचा एरिया २०१ चौरस मिमी, पण आट्यांतला स्ट्रेस एरिया टेबलमध्ये १५७ दिलाय. २५ किलोन्यूटन ओढलं तर गुळगुळीत भागात १२४ आणि आट्यांत १५९ मेगापास्कल. प्लेटला भोक असेल तर भोकाची रुंदी वजा करा. कीवे, खाच, कॉटरचा स्लॉट, सगळं वजा. लांबीतली वाढ काढताना मात्र छोट्याशा भोकाने फार फरक पडत नाही, तिथे पूर्ण एरिया चालून जातो.

आणि बार हळूहळू बारीक होत जाणारा असेल तर सरासरी व्यास घेऊ नका. एका टोकाला ४०, दुसऱ्या टोकाला २०, लांबी १ मीटर, लोड ५० किलोन्यूटन. सरासरी ३० घेऊन ०.३५४ मिमी येतं, खरं उत्तर ०.३९८. बरोबर फॉर्म्युला: ४ × लोड × लांबी ÷ (पाय × ई × पहिला व्यास × दुसरा व्यास). बारीक टोक सरासरीपेक्षा जास्त ताणतं, जाड टोक तेवढं वाचवत नाही.

७. दोन मटेरियल एकत्र असतील तर

आरसीसी कॉलम, किंवा तांब्याच्या नळीत स्टीलचा बोल्ट. इथे एक समीकरण कमी पडतं. फोर्सची बेरीज एक समीकरण देते, दुसरं समीकरण यातून येतं की दोघं चिकटलेले आहेत, म्हणजे दोघांची लांबी सारखीच बदलणार. लांबी सारखी बदलली म्हणजे स्ट्रेन सारखा, आणि स्ट्रेन सारखा म्हणजे ज्याचा ई जास्त त्याच्यावर स्ट्रेस त्या पटीत जास्त.

३०० बाय ३०० चा कॉलम, १६ मिमीचे ४ बार, लोड ६०० किलोन्यूटन. एम २५ काँक्रीटचा ई आयएस ४५६ (काँक्रीटचा भारतीय कोड) प्रमाणे ५००० गुणिले २५ चं वर्गमूळ, म्हणजे २५,०००. स्टीलचा २,००,०००. म्हणजे स्टील आठपट. बारचा एरिया ८०४, तर काँक्रीटचा एरिया ९०,००० वजा ८०४ म्हणजे ८९,१९६, हे वजा करायला विसरतात बरं का. काँक्रीटचा स्ट्रेस = ६,००,००० ÷ (८९,१९६ + ८ × ८०४) = ६.२७ मेगापास्कल. स्टीलचा आठपट, ५०.२. कॉलम ३ मीटर असेल तर ०.७५ मिमी दबतो.

हे झालं लोड टाकल्याटाकल्याचं. काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू दबत राहतं आणि आपल्या डोक्यावरचं ओझं स्टीलवर ढकलत राहतं, त्यामुळे नंतर स्टीलवरचा स्ट्रेस यापेक्षा वाढतो. सिव्हिलवाल्या पोरांना हे पुढे येईलच.

८. तापमान: लोड नाही तरी स्ट्रेस, किंवा लांबी वाढली तरी स्ट्रेस नाही

डोकं इथे गरगरतं. मोकळा बार तापवला तर लांब होतो पण स्ट्रेस शून्य. दोन्ही टोकं घट्ट धरून तापवला तर लांबी तेवढीच पण स्ट्रेस येतो, कॉम्प्रेशनचा. स्टीलसाठी दर डिग्रीला १२ भाग दर दहा लाखात एवढी वाढ. ३० डिग्री वाढलं तर १ किलोमीटरच्या मोकळ्या रुळाची वाढ ३६० मिमी, एक फुटाहून जास्त. पण वेल्ड केलेला लांब रूळ स्लीपरला जखडलेला असतो, मधल्या भागाला हलायला वावच नाही. मग स्ट्रेस = ई × १२ भाग × ३० = ७२ मेगापास्कल. यात लांबी कुठे आली? कुठेच नाही. रूळ एक किलोमीटर असो नाहीतर दहा, ७२ च. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचा एरिया साधारण ७६७० चौरस मिमी, म्हणजे फोर्स ५५० किलोन्यूटनच्या वर, छप्पन टन. उन्हाळ्यात रूळ वाकडा होतो म्हणतात तो या फोर्समुळे, बाजूला सरकायला जरा जागा मिळाली की झालं.

गणितात जर लिहिलं असेल की सपोर्ट इतके मिमी सरकला, तर मोकळ्या वाढीतून तेवढे मिमी वजा करा आणि उरलेल्या वाढीचाच स्ट्रेस काढा. आणि वजाबाकी मायनस आली तर स्ट्रेस शून्य, बार गॅपपर्यंत पोचलाच नाही.

९. हे खड्डे कुणी सांगत नाही

भारी ग्रेडचं स्टील घेतलं की कमी ताणेल, असं बऱ्याच लोकांना वाटतं. साइटवर तर मी सुपरवायझरच्या तोंडून ऐकलंय. नाही. एफई २५० असो की एफई ५०० (आकडा म्हणजे त्या ग्रेडचा यील्ड), दोघांचा ई तोच दोन लाख. १०० मेगापास्कलला दोघंही मीटरमागे अर्धा मिमीच ताणणार. फरक इतकाच की एफई ५०० जास्त लोडपर्यंत टिकेल. ताणणं कमी करायचं असेल तर एरिया वाढवा.

लोड बरोबर मधून जात नसेल तर हे काहीच लागू नाही. अँगल एकाच पायाने गसेट प्लेटला जोडला की फोर्स सेंट्रॉइडमधून (सेक्शनच्या मध्यबिंदूतून) जात नाही, बार वाकायला बघतो आणि एका बाजूला स्ट्रेस लोड भागिले एरियापेक्षा बराच जास्त होतो.

कॉम्प्रेशनमध्ये लांब बारीक बार असेल तर स्ट्रेस कितीही कमी दिसो, तो आधी बाजूला वाकून फसतो. मीटरभर वेल्डिंग रॉड उभा धरून वरून बोटाने दाबून बघा, कळेल. ते बकलिंगचं युनिट वेगळं.

आणि उत्तर लिहिताना टेन्साइल की कॉम्प्रेसिव्ह, वाढ की घट, शब्दात लिहा. नुसतं मायनस चिन्ह लिहून सोडलं तर मार्क कापतात, माझा अर्धा मार्क गेलाय तसा.

१०. प्रॅक्टिकलला यूटीएमवर

यूटीएम म्हणजे बार ओढून तोडायचं टेस्टिंग मशीन. माइल्ड स्टीलचा २० मिमीचा नमुना, गेज लेंग्थ (ज्या लांबीतली वाढ मोजायची ती) व्यासाच्या पाचपट म्हणजे १०० मिमी, पंचने दोन बारीक खुणा केलेल्या. सर मशीन चालवतात, आपण डायल बघून आकडे लिहितो. यील्डपाशी काटा क्षणभर थांबतो, थरथरतो, आणि बारवरचा काळा पापुद्रा खपल्यांसारखा गळायला लागतो, ते बघायला विसरू नका, पुस्तकात वाचलेलं यील्ड डोळ्यासमोर घडत असतं. मग मधे कंबर पडते आणि शेवटी फाडकन आवाज. मागे उभ्या असलेल्या दोन पोरी किंचाळल्या होत्या आणि मी पण, पण ते जर्नलमध्ये नाही.

आमच्या बॅचने काय केलं, तर एक्स्टेन्सोमीटर (बारलाच लावून गेज लेंग्थची वाढ मोजायचं यंत्र) लावलाच नाही, मशीनच्या हेडशेजारच्या स्केलवरूनच इलाँगेशन वाचलं. ६० किलोन्यूटनला स्केलवर दीड मिमी. स्ट्रेस १९१, स्ट्रेन ०.०१५, आणि ई आला तेरा हजाराच्या आसपास. दोन लाख यायला हवा होता! वहीत तसाच लिहिला आणि व्हायवाला सरांनी विचारलं, हे स्टील आहे की प्लास्टिक? खरं तर त्या लोडला १०० मिमी गेज लेंग्थ ०.०९५ मिमीच ताणली होती, बाकीचं सगळं ग्रिपमध्ये दात रुतणं, बार सरकणं आणि मशीनच्या फ्रेमचं ताणणं. स्केलवर हे सगळं एकत्र दिसतं. तेव्हा जर्नलमध्ये ई लिहाल त्याच्या खाली एक्स्टेन्सोमीटर होता की नव्हता एवढं लिहून ठेवा, आणि नव्हता तर व्हायवाला सर विचारायच्या आत तुम्हीच सांगून टाका.